सावड फेडायला कच्छला गेलेल्या बाया



तव्यावर भाकरी असेल तर उलटून घ्या, लेकरू रडत असेल तर मांडीवर घ्या, आणि मग ऐका. आजची गोष्ट जरा लांबची आहे. ती तेरणा नदीच्या काठी सुरू होते, गुजरातच्या कच्छपर्यंत जाते आणि तिथून पार तमिळनाडूच्या समुद्रापर्यंत पोचते. पण तिचं मूळ आपल्याच बांधावर आहे.

शूर बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? घोडा, तलवार, पाठीला बांधलेलं मूल. जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी यांचा मान मोठाच आहे, तो कुणी कमी करू शकत नाही. पण आज आम्ही ज्या बायांबद्दल बोलणार आहोत, त्यांच्या हातात तलवार नव्हती. एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची घागर. त्यांचे पुतळे झाले नाहीत. त्यांची नावं पुस्तकात आली नाहीत. म्हणून तर त्यांची गोष्ट सांगायची.

आपल्याकडं सावड नावाची जुनी रीत आहे. आज तुझ्या रानात खुरपायला आम्ही येतो, उद्या आमच्या रानात तू ये. पैसा मध्ये येत नाही. पण हिशेब असतो, आणि तो मनात पक्का असतो. इर्जिक त्याहून मोठी. एकाचं रान मागं पडलं की सगळा गाव औतं घेऊन येतो, दिवसभर राबतो, आणि संध्याकाळी घरधनी जेवायला घालतो. आता ट्रॅक्टर आले, मजुरी रोख झाली, इर्जिक फारशी राहिली नाही. पण सावड अजून जिवंत आहे. खुरपणीत आहे, पापड-शेवया करण्यात आहे, बाळंतिणीच्या घरी पाणी भरण्यात आहे. माणूस संकटात सापडला की हीच रीत सगळ्यात आधी धावून येते. सरकार येतं, संस्था येतात, पण त्या मागून येतात.

हे आम्ही नुसतं बोलत नाही. १९९३ सालच्या भूकंपानं ते दाखवून दिलं आहे.

त्या पहाटेची गोष्ट

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगावचे गणपती बोळवून माणसं रात्री उशिरा घरी आली आणि दमून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका, या पट्ट्यातली गावंच्या गावं काही सेकंदांत बसली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी अशी किती नावं घ्यावीत? बावन्न गावं इतकी मोडली, की ती जुन्या जागी पुन्हा उभी राहिलीच नाहीत. किती माणसं गेली याचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत आठ हजार ते दहा हजार असे येतात. एकेका घरातली सात-सात, आठ-आठ माणसं. काही घरांत दिवा लावायला कुणी उरलं नाही.

एवढी माणसं का गेली, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. त्या भागातली घरं माळवदाची. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती. भिंतीला आतून दगडांचा एक थर, बाहेरून दुसरा थर, आणि मध्ये चिखल आणि बारीक दगडगोटे. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरसाल मातीचा आणखी एक थर चढायचा. असं घर उन्हाळ्यात थंडगार असतं. चोराला भिंत फोडता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या भिंतींनी ऊन अडवलं, चोर अडवला, त्याच त्या पहाटे दोन बाजूंना फाकल्या आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. माणसं जमीन हलल्यानं गेली नाहीत, ती घराखाली गेली.

आदल्या वर्षी, १९९२ मध्येही किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते. माणसं घाबरून बाहेर झोपू लागली होती. मग धक्के थांबले, आणि माणसं पुन्हा घरात झोपू लागली. यात त्यांचं काय चुकलं? थंडी-पावसात उघड्यावर कोण किती दिवस झोपेल?

आधी शेजारीण आली

त्याच दिवशी अधिकारी आले, तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार आले, मग लष्कर आलं. जवानांनी चिखलापावसात फार मोठं काम केलं. पाच दिवसांनी एका गावात ढिगाऱ्याखालच्या खाटेखालून त्यांनी दीड वर्षाची मुलगी जिवंत काढली, ती गोष्ट तेव्हा देशभर गेली. ते सगळं खरं आणि मोलाचं.

पण पहाटे चारपासून उजाडेपर्यंत, आणि उजाडल्यापासून पहिली गाडी येईपर्यंत, तिथं कोण होतं? शेजारी होते. जगात कुठंही भूकंप झाला तरी जिवंत निघालेली बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलेली असतात.

आमच्या गटातल्या एकीचं माहेर उमरग्याकडचं. तिची मावशी त्या पहाटे तिशीची होती. मावशी सांगते, अंगणात झोपली होती म्हणून वाचली. धूळ एवढी, की हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. कुणी हाका मारत होतं, कुणाच्या हाका बंद पडत होत्या. शेजारच्या घराशी मावशीच्या घराचं बांधावरून भांडण होतं. चार वर्षं बोलणं नव्हतं, हळदीकुंकू नव्हतं. त्या घराची नुसती रास झाली होती. बाहेरच्या माणसाला कळलंही नसतं की कुठून खणायचं. पण मावशीला माहीत होतं, की त्या घरची म्हातारी जात्याच्या खोलीत, दाराच्या डाव्या अंगाला झोपते. भांडण झालं तरी एवढं माहीत असतंच ना? मावशीनं आणि तिच्या दिरानं तिथूनच दगड काढायला सुरुवात केली. घमेलं नव्हतं, खोरं सापडत नव्हतं, तर परात घेतली, लोखंडी तवा घेतला, हातानं माती ओढली. नखं गेली. म्हातारी जिवंत निघाली. तिची सून निघाली ती जिवंत नव्हती.

मावशीला आम्ही विचारलं, “तेव्हा बांधाचं भांडण आठवलं नाही का?” ती म्हणाली, “आठवलं की. मनात आलं, ही गेली तर भांडू कुणाशी?” असं म्हणून ती हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

मैत्रिणींनो, यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. जीव वाचवायला ताकद लागते, धाडस लागतं, हे खरं. पण सगळ्यात आधी माहिती लागते. कोण कुठं झोपतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचं मूल किती दिवसांचं आहे. ही माहिती कुठल्या दप्तरात नसते. ती शेजारणीकडं असते. आपण जिला “बायांच्या चौकश्या” म्हणून हसतो, त्या चौकशीनं त्या पहाटे माणसं वाचवली.

मदत आली, पण विचारून आली का?

मग महाराष्ट्रातून मदतीचा पूर आला. भाकऱ्यांची गाठोडी आली, पिठाची पोती आली, औषधं आली, डॉक्टर आले. ज्यांच्या घरी स्वतःलाच दोन वेळची भ्रांत, त्यांनीही चार भाकऱ्या जास्त थापून पाठवल्या. ते कुणी विसरू नये.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही घडली. जुन्या कपड्यांचे ढीग आले. फाटके, विटके, नेसता न येणारे. पावसात भिजून ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्या बाईनं परवा घरात चार पातळं घडी करून ठेवली होती, तिनं तसल्या ढिगातून काही उचलायचं म्हणजे काय, हे पाठवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. मन चांगलं होतं, पण विचारणं राहून गेलं. सावडीत असं होत नाही. सावडीला जाणारी बाई आधी विचारते, “काय काम काढलंय? खुरपं आणू का विळा?”

विचारपूर्वक केलेली मदतही झाली. भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोलीला त्यांच्या राहण्याची आणि शाळेची सोय झाली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं आणि आईबाप गेलेली मुलं तिथं वाढली, शिकली. या कामांची नोंद आहे, असायलाच हवी.

आणि ज्यांची नोंद नाही त्या? भावजय गेली म्हणून तिची दोन लेकरं आपल्या तिघांत मिसळून वाढवणारी नणंद. मुलगा-सून गेल्यावर साठाव्या वर्षी पुन्हा शाळेचा डबा करू लागलेली आजी. अशा घरोघरी होत्या. त्यांना कुणी समाजकार्य म्हटलं नाही. “घरचंच आहे, करणार नाही तर काय?” असं म्हणून ते मोजलंच गेलं नाही. आपल्याकडं बाईनं केलेलं घरचं काम जसं मोजत नाहीत, तसंच तिचं शौर्यही मोजत नाहीत.

ढिगारा उपसल्यानंतरचं काम

पडल्या घरातून माणूस काढायला एक दिवस पुरतो. त्या माणसाला पुन्हा घरात झोपायची हिंमत यायला वर्षं लागतात.

१९९४ पासून महाराष्ट्र सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू केला. पूर्ण मोडलेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. पण त्यांच्याशिवाय शेकडो गावं अशी होती, जिथं घरं उभी होती पण तडकली होती. जवळजवळ दोन लाख घरं दुरुस्त करायची, मजबूत करायची होती. त्यासाठी घरमालकाला हप्त्याहप्त्यानं मदत आणि इंजिनिअरचा सल्ला मिळणार होता.

कागदावर सगळं ठीक होतं. पण काम पुढं सरकेना. लोक म्हणत, दगडाच्या घराचं नावच काढू नका. दगडानं माणसं मारली. तेच घर दुरुस्त करून त्यात झोपायचं? इंजिनिअर येत, मापं घेत, नकाशा देत आणि जात. जे सांगत ते त्यांच्या भाषेत. आणि सांगत ते पुरुषांना, पारावर. घरात चोवीस तास जी राहते, जिच्या डोक्यावर ते छप्पर असतं, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडं लोकांचा सहभाग वाढवण्याचं काम आलं. प्रेमा गोपालन या बाई त्या कामाच्या पुढं होत्या. गावागावांतल्या महिला मंडळांतल्या बायांना त्यांनी हाताशी धरलं. या बायांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं. आमच्या मैत्रिणीची मावशी त्यांतलीच एक. चौथी शिकलेली.

मावशीनं आम्हाला तेव्हाचं काम सांगितलं. घरोघर जायचं. योजनेत काय मिळणार, कशासाठी मिळणार, पुढचा हप्ता कधी आणि कुठलं काम झाल्यावर, हे समजावून सांगायचं. मग घर दाखवून सांगायचं, की भिंतीला पोट आलंय ते इथं. ही भिंत आधी धरायला हवी. माळवदावरची जादा माती उतरवायची, वजन कमी करायचं. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून राहतात. भिंतीला वरच्या अंगानं चहूकडून जाळीचा पट्टा मारून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा, जसा आपण पोत्याला दोर आवळतो तसा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरका लाकडी टेकू ठोकायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी मारायचं. सिमेंटचं काम झालं की किमान सात दिवस ते ओलं राहिलं पाहिजे. नाहीतर वरून टणक दिसतं आणि आतून भुसा राहतो. त्या भागात पाणी कुठं होतं? बाया लांबून डोक्यावर पाणी आणत. पिण्याच्या दोन घागरी आणि भिंतीच्या चार. त्या पाण्यानं भिंत पक्की झाली. गवंड्याचं नाव झालं, ठेकेदाराचं बिल निघालं, पण ती घागर कुठल्या हिशेबात आली नाही.

बोलणी काय कमी खावी लागली? “आता बाया गवंड्याला शिकवणार होय?” “हिला चूल सांभाळता येईना, निघाली घरं बांधायला.” सिमेंटची पोती मोजायला गेली तर दुकानदार तोंड वाकडं करायचा. मावशी म्हणते, एकदा एका गवंड्यानं आरपार भोकं न पाडता नुसता बाहेरून गिलावा केला आणि काम झालं म्हणून सांगितलं. मावशीनं भिंतीवर हातोडी वाजवून बघितली आणि पुन्हा करायला लावलं. गवंडी चिडला, घरधनीही चिडला, कारण त्याचा हप्ता अडला. आठ दिवस त्या आळीत तिच्याशी कुणी बोललं नाही. मग त्याच घरची सून रात्री येऊन म्हणाली, “मावशी, बरं केलंस. माझी दोन्ही लेकरं त्याच भिंतीकडं डोकं करून झोपतात.”

एकटीनं भांडायचं आणि एकटीनं अबोला सोसायचा. तोही अशा भूकंपासाठी, जो कदाचित पुढची शंभर वर्षं येणारही नाही. ढिगाऱ्यातून माणूस काढणारीला सगळे हात जोडतात. भिंत पडूच नये म्हणून भांडणारीला सगळे किरकिरी म्हणतात. आम्हाला विचाराल तर दुसरीचं काळीज जास्त मोठं.

जे चुकलं तेही सांगायला हवं

सगळं गोडगोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. जी गावं नव्या जागी वसली, तिथं घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. जिनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, तिच्या वाट्याला सगळ्यात लहान घर आलं. भूकंपानं गरीब-श्रीमंत पाहिलं नव्हतं, नियमानं पाहिलं.

नवी गावं आखीव झाली. सरळ रस्ते, रांगेत घरं. पण पसरली इतकी, की शेत लांब गेलं, पाणी लांब गेलं, आणि शेजारीण लांब गेली. जुन्या गावात उंबऱ्यावर बसून पलीकडच्या उंबऱ्याशी बोलता यायचं. नव्या गावात मधे रुंद रस्ता आला. ज्या शेजारामुळं त्या पहाटे जीव वाचले, तो शेजारच नकाशात बसला नाही. तो पुन्हा बायांनीच जमवला. दळणाच्या निमित्तानं, भजनाच्या निमित्तानं, आणि पुढं बचत गटाच्या निमित्तानं. महिला मंडळांतून बचत गट उभे राहिले. आठवड्याला, महिन्याला बायका एकत्र बसू लागल्या.

अजून एक गोष्ट त्याच सुमारास घडली होती. भूकंपाच्या पाच महिने आधी, २४ एप्रिल १९९३ ला घटनेची ७३ वी दुरुस्ती लागू झाली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखल्या गेल्या. कायद्यानं खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसून बोलायचं कसं, हे भिंती मोजता मोजता कितीतरी बाया शिकल्या. ज्या बाईनं इंजिनिअरला “हे काम बरोबर नाही” म्हणून सांगितलं, ती ग्रामसभेत उभी राहायला कशी घाबरेल?

सावड फेडायची वेळ

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार, रापर. शाळांत झेंडावंदन चाललं होतं. तेरा हजारांहून जास्त माणसं गेली, लाखो घरं पडली किंवा तडकली.

ती बातमी तेरणाकाठी पोचली तेव्हा बायांना ती टीव्हीवरची बातमी वाटली नाही. त्यांना धुळीचा वास आला. लातूर-उस्मानाबादच्या गावांमधल्या बाया, ज्यांतल्या कित्येकींनी तोवर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्या कच्छला निघाल्या. सोबत गवंडीही गेले. घरून परवानगी मिळवायची, लेकरं जावेकडं ठेवायची, उसाची तोड सोडायची. गुजराती येत नव्हतं, हिंदी मोडकीतोडकी.

त्यांनी तिथं काय नेलं? जुने कपडे नेले नाहीत. अनुभव नेला. कच्छच्या बायांबरोबर तंबूत बसून त्या सांगत होत्या, की नुकसानीची पाहणी करायला माणूस येईल तेव्हा घरी थांबा, तुमच्यासमोर लिहू द्या. यादी गावात लावा म्हणून मागणी करा. एकटी जाऊ नका, गट करून जा. ठेकेदार सगळं बांधून देतो म्हणाला तरी किल्ली हातात घेऊन गप्प बसू नका, रोज जाऊन बघा. आणि पाणी मारा, बायांनो, पाणी मारा. हे सांगणारी बाई सात वर्षांपूर्वी स्वतः तंबूत होती, म्हणून तिचं ऐकलं गेलं. अधिकाऱ्यानं तेच सांगितलं असतं तर उपदेश वाटला असता.

आणि त्या नुसत्या शिकवून आल्या नाहीत, शिकूनही आल्या. कच्छमध्ये भुंगा नावाची मातीची गोल घरं असतात, वर गवताचं हलकं छप्पर. भूकंपात त्यांतली पुष्कळ घरं तगली. माती वाईट नसते, दगडही वाईट नसतो, कसं बांधलं ते महत्त्वाचं, हे बायांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्या मुलखाला बायांच्या हाताची ओळख नवी नव्हती. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना भुजच्या विमानतळाची धावपट्टी बाँबनं उखडली होती. तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायांनी ७२ तासांत ती दुरुस्त करून दिली. भोंगा वाजला की लपायचं, थांबला की पुन्हा काम. तिथले अधिकारी विजय कर्णिक हे आपले मराठी माणूस. त्या बाया म्हणजे घरातल्या, शेतातल्या साध्या बायाच. त्यांनाही वाटलं नसेल, की आपण इतिहास घडवतोय. त्यांना वाटलं, पाटी उचलायची आहे.

पुढं २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची कोळ्यांची गावं वाहून गेली. तिथं लातूरच्या बाया गेल्या, आणि या वेळी त्यांच्याबरोबर कच्छच्या बायाही होत्या. बघा मैत्रिणींनो, ज्यांच्या रानात सावडीला गेलो, त्या आता आपल्याबरोबर तिसऱ्याच्या रानात निघाल्या. आपली सावड दोघींत फिटते. ही फिटली नाही, पुढं पुढं चालत गेली.

मग आपण काय करायचं?

आपल्या गावात भूकंप येईलच असं नाही. पण पूर येतो, वीज पडते, आग लागते, विहिरीत पोर पडतं, रात्री-अपरात्री कुणाला साप चावतो. तेव्हा पहिली अर्धी घटका आपल्याच हातात असते. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की वही मिटू नका. मागच्या पानावर चार गोष्टी लिहा.

एक, आपल्या आळीत एकटं कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, कोण बाळंतीण आहे, आणि ते रात्री कुठं झोपतात. दोन, कुणाच्या भिंतीला पोट आलंय, कुणाचा पत्रा सुटलाय. तीन, रात्री गाडी काढणारा कोण, आणि तो नसेल तर दुसरा कोण. चार, कुणाशी कुणाचं बोलणं बंद आहे. ही चौथी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. अबोला असला तरी त्या घराची माहिती आपल्याकडं असू द्या.

मावशी आता साठीपार आहे. गुडघे दुखतात. ज्या म्हातारीला तिनं बाहेर काढलं होतं, ती पुढं अकरा वर्षं जगली. बांधाचं भांडण मिटलं का, म्हणून आम्ही विचारलं. मावशी म्हणाली, “कुठलं मिटतंय? बांध तिथंच आहे. पण दर दिवाळीला तिच्या घरून फराळाचं ताट यायचं. भांडत भांडत यायचं, पण यायचं.”

तुमच्या गावातही अशी एखादी मावशी असेल. तिनं काय केलं ते तिलाही विशेष वाटत नसेल. या आठवड्यात तिच्याजवळ जाऊन बसा. तिला बोलतं करा, लिहून घ्या किंवा फोनवर भरून घ्या, आणि आमच्याकडं पाठवा. तिची हरकत नसेल तर तिचं नाव आम्ही रेडिओवर घेऊ. आपल्या बायांचा इतिहास आपणच लिहिला नाही, तर तो घागरीतल्या पाण्यासारखा भिंतीत मुरून जाईल. भिंत उभी दिसेल, पाणी कुणाला दिसणार नाही.

बरं, भाकरी करपली नाही ना? पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. राम राम.